पीएफटीच्या रिपोर्टवरची उंची : माझा अनुभव

फुफ्फुसाचा जुना आजार असला की दर काही महिन्यांनी पीएफटीला, म्हणजे फुफ्फुस किती काम करतं ते मोजणाऱ्या टेस्टला, नळीत फुंकायला जावंच लागतं. त्या कागदावर काय येतं त्यावर घरातल्या सगळ्यांचे पुढचे महिने कसे जाणार ते ठरतं. यंदा दिवाळीच्या तोंडावर माझ्या हातात पडलेल्या कागदाने माझी झोप उडवली. त्यात आजाराचा वाटा थोडा होता, टेस्ट करणाऱ्यांच्या निष्काळजीपणाचा मोठा. तो राग अजून मनातून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्यासारखे बरेच जण तो कागद घेऊन रात्र रात्र जागत असतील.

मी सेलूची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आजार हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासावाटे जाणाऱ्या एखाद्या गोष्टीचं फुफ्फुसाला वावडं होऊन सूज येते आणि पुढे तिथे वण धरतात. आमचं घर जुनं माळवदाचं, तुळयांच्या खोबणीत पारव्यांची घरटी. शिवाय खिडकीत कूलर, आणि त्याचं गवत दोन-दोन उन्हाळे तेच. छातीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पारवे आणि कूलर या दोन्हींबद्दल विचारलं होतं. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ नाही. फुफ्फुसाच्या अशा वण धरणाऱ्या आजारांच्या १,०८४ भारतीय रुग्णांची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली, त्यात जवळपास निम्म्यांना हाच आजार निघाला. मराठवाड्यात चार महिने कूलरशिवाय घर नाही, तेव्हा निदान त्याचं गवत दरवर्षी बदला आणि टाकी घासून वाळवा. निदान, सीटी स्कॅन, गोळ्या हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता त्या कागदाकडे येते. मागच्या वर्षी माझी एफव्हीसी ७१ टक्के होती. एफव्हीसी म्हणजे छाती पूर्ण भरून घेऊन जोरात आणि शेवटपर्यंत फुंकली की एकूण किती हवा बाहेर पडते ते. यंदा तिथे छापलं होतं ५८. सरळ तेरा टक्क्यांची घसरण. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आकडा असा उतरला तर वण वाढू न देणारी गोळी सुरू करावी लागेल. ती महाग, आणि पोट बिघडवते हे मी दुसऱ्या एका रुग्णाकडून ऐकलेलं. आणि डॉक्टर दिवाळीनंतरच भेटणार होते. म्हणजे सण समोर, आणि सांगायला कोणी नाही की हे ५८ म्हणजे नेमकं काय.

ते दिवस कसे गेले ते सांगते, कारण यातून जाणाऱ्याला आपण एकटेच असे आहोत असं वाटतं. करंज्या लाटताना हात थांबायचा आणि मी दम लागतोय का ते बघत बसायची. बोटाला ऑक्सिमीटर सारखा. ९४, ९३, ९४. थंड बोटाला लावला की ९०, आणि काळजात धस्स. आमचे सर, तेही शिक्षकच, रात्री उठून बघायचे मी नीट झोपले आहे का, आणि मी झोपल्याचं नाटक करायची. शेवटी मी स्वतःलाच नियम घालून दिला: सकाळी एकदा बसून आणि एकदा अंगणात चालून आल्यावर, हात चोळून गरम करून, आणि आकडा वहीत. बाकी वेळ यंत्र कपाटात, किल्ली सरांकडे. हे फार उपयोगी पडलं. हे मी आधीच करायला हवं होतं असं नाही म्हणत, पण ज्यांच्या घरी ते यंत्र दिवसभर उशाशी असतं त्यांनी करून बघावं.

मग एका दुपारी मी दोन्ही वर्षांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि उत्तरपत्रिका तपासायला बसावं तशी लाल पेन घेऊन ओळ न् ओळ बघितली. नाव बरोबर. वय बरोबर. उंची, मागच्या वर्षी १५२ सेंटीमीटर, यंदा १६२. एकसष्टाव्या वर्षी कोणाची उंची दहा सेंटीमीटर वाढते?

मला ती सकाळ लख्ख आठवली. शहरातल्या त्या केंद्रात टेस्ट घेणाऱ्या मुलाने खांदा आणि कान यात फोन धरून विचारलं होतं, "मावशी, उंची किती वो?" मी म्हणाले पाच फूट. त्याने टाइप केलं. मोजपट्टी भिंतीला लावलेली होती, तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. पाच फूट म्हणजे १५२ सेंटीमीटर, त्याच्या बोटाने १६२ दाबलं. नियम असा की अनवाणी उभं करून उंची मोजायची, विचारायची नाही. पाठीला बाक आला असेल तर दोन्ही हात पसरून बोटापासून बोटापर्यंतचं अंतर मोजतात. फुंकून मात्र त्या पोराने छान घेतलं, "फुंका फुंका फुंका, अजून अजून अजून" असं जीव तोडून ओरडत होता. तेवढं श्रेय त्याला.

उंचीने एवढा फरक का पडतो? यंत्र दोन गोष्टी छापतं. एक लिटर, म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात किती हवा फुंकली. दुसरी टक्केवारी, म्हणजे तुमच्या वयाच्या, तुमच्या उंचीच्या निरोगी बाईने जेवढी फुंकली असती त्याच्या तुलनेत किती. उंच माणसाचं फुफ्फुस मोठं, म्हणून उंची वाढवली की अपेक्षाही वाढते. मी यंदा १.४६ लिटर फुंकले. १५२ सेंटीमीटरला अपेक्षा होती २.१५ लिटरची, म्हणजे ६८ टक्के. १६२ला अपेक्षा २.५० झाली, आणि माझे ५८ टक्के झाले. मागच्या वर्षी मी १.५४ लिटर फुंकले होते. खरा फरक ८० मिलिलिटरचा. एकाच दिवशी एकाच माणसाने फुंकलेल्या दोन चांगल्या प्रयत्नांतही दीडशे मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो असं धरतात. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की वण वाढतायत की नाही हे ठरवताना वर्षात एफव्हीसी पाच टक्के किंवा त्याहून जास्त उतरली का हे बघतात, आणि त्याच्या जोडीला लक्षणं आणि सीटीही. तेरा आणि तीन यातला फरक म्हणजे नवी महाग गोळी लागणार की नाही इतका होता.

एवढं कळल्यावर रिपोर्ट दुरुस्त व्हायला किती वेळ लागावा? पाच मिनिटं. यंत्रात उंची बदलायची आणि नवा कागद काढायचा. फुंकलेली हवा तीच राहते, पुन्हा फुंकायचीही गरज नाही. पण फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, रिपोर्ट सिस्टीममधून फायनल झालाय, आता काही होत नाही. दुसऱ्यांदा केला तर म्हणाली, डॉक्टर बघून घेतील. तिसऱ्यांदा कोणी उचललाच नाही. पुतण्या त्याच गावात असतो, त्याला पाठवलं. त्याला सांगितलं, पुन्हा टेस्ट करायची असेल तर पुन्हा बिल होईल. त्यांची चूक, आणि बिल माझं! आणि मी पुन्हा जीव तोडून फुंकायचं, खोकत बसायचं, परतीच्या गाडीत डोकं धरून यायचं. हे ऐकल्यावर मला आजाराची भीती वाटेना, संताप आला.

मी मराठवाडा एक्स्प्रेसने छत्रपती संभाजीनगर गाठलं. सोबत अर्ज होता. आयुष्यभर शाळेत अर्ज लिहिलेत आणि लिहून घेतलेत, मला दुसरा रस्ता माहीत नाही. अर्जात मजकूर थोडाच ठेवला: मागच्या वर्षीचा आणि यंदाचा रिपोर्ट सोबत जोडला आहे, दोन्हींतली उंची वेगळी आहे, मूळ फुंकणं तेच ठेवून उंची प्रत्यक्ष मोजून दुरुस्त करावी व दुरुस्त प्रत विनाशुल्क द्यावी. खाली सही, तारीख. काउंटरवरचा म्हणाला, "बाई, इथं अर्ज घेत नाहीत." मी म्हणाले, "तर मग घेत नाही असं लिहून द्या." त्याने वर बघितलं. मी दुसरी प्रत पुढे केली आणि म्हणाले, यावर पोच द्या. मागे रांग वाढत होती, खोकणारी, दम लागलेली माणसं, आणि त्यातले दोघे आपापले रिपोर्ट काढून उंची बघायला लागले.

पोच मिळाली नाही, पण आतून प्रमुख डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही कागद बघितले, मला चपला काढून भिंतीला उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली. १५२. नवा कागद निघाला तेव्हा त्यांनी जुन्यावर स्वतःच्या हाताने रेघ मारून सही केली. त्यांना वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. काउंटरवरून मात्र कोणी एक शब्द बोललं नाही. त्या रेघेची झेरॉक्स मी फाईलमध्ये सगळ्यात वर लावली आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

तुम्ही टेस्टला जाल तेव्हाचं मध्येच आठवलं म्हणून सांगते. पोटभर जेवून जाऊ नका. साडी नेसत असाल तर परकराची गाठ सैल करा, घट्ट गाठीने पोटातून जोर येत नाही. पंप (इनहेलर) घेत असाल तर किती तास आधी थांबवायचा हे आपल्या डॉक्टरांनाच विचारा, प्रत्येक पंपाचे तास वेगळे असतात. ताप-खोकला चालू असताना जाऊ नका, आकडा खाली येतो आणि खरं-खोटं कळत नाही. शक्यतो दरवेळी तेच केंद्र, तेच यंत्र ठेवा, कारण अपेक्षित आकडा काढायचं सूत्र यंत्रागणिक बदलतं आणि फुंकणं तेच राहूनही टक्के बदलतात. म्हणून वहीत टक्के नंतर लिहा, आधी लिटर लिहा. आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणा, माझी उंची मोजा. लाजू नका.

हिमोग्लोबिनचं राहिलं. डीएलसीओ नावाची टेस्ट असते, त्यात एक हवा ओढून दहा सेकंद श्वास रोखायचा, आणि फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते कळतं. रक्त कमी असलं तर तो आकडाही पडतो, फुफ्फुस आहे तसं असलं तरी. माझा डीएलसीओ ४७ टक्के आला होता. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन तपासलं, ९.४ निघालं. ते हिशेबात धरल्यावर डीएलसीओ पन्नाशीच्या वर सरकला. आपल्या भागात बायांचं रक्त कमी असणं रोजचंच आहे, तेव्हा त्या टेस्टआधी हिमोग्लोबिन केलेलं बरं.

दिवाळीनंतर डॉक्टर भेटले. दुरुस्त कागद बघून म्हणाले, नवी गोळी आत्ता नको. मला वाटलं सुटले. पण मग त्यांनी मला बाहेरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं, आणि शेवटी बोटावरचा आकडा ८६ वर आला. बसून ९४, चालताना ८६. ते म्हणाले, "बाई, फुंकण्याचा आकडा ठीक आहे, पण मला हा जास्त महत्त्वाचा वाटतो." तेव्हा माझं तोंड कोरडं पडलं हे खरं. पण ५८ बघून जशी हादरले होते तशी हादरले नाही. समोर माणूस होता, तो समजावून सांगत होता, आणि मी वहीतून प्रश्न वाचत होते: हे कशाने झालं, आता काय करायचं, पुढे कधी बघायचं, कोणतं लक्षण दिसलं तर वाट न बघता लगेच यायचं. उत्तरं सरांनी लिहून घेतली.

आता फिरताना आणि काम करताना छोट्या यंत्रातून ऑक्सिजन घेते, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, श्वासाचे व्यायाम सकाळी. माळवदावरच्या खोबणी जाळीने बंद केल्या आणि घरटी मला गावाबाहेर भावाकडे ठेवून काढली, कारण ती काढताना उडणारी धूळच सगळ्यात वाईट. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ते ऑक्सिजनचं यंत्र, विजेवर चालतो आणि आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून एक सिलिंडर भरून ठेवलेला असतो. तो भरून देणारा जवळपास कोण आहे हे यंत्र घ्यायच्या आधी विचारून ठेवा, नंतर नको. पुढची पीएफटी उन्हाळ्याच्या आधी आहे. अर्जाची कोरी प्रत फाईलमध्ये तयार आहे.