आषाढी एकादशीला क्योटो : गिऑन मात्सुरीचा वृत्तांत, जाणाऱ्यांसाठी टिपांसकट

2024 ची आषाढी एकादशी 17 जुलैला होती आणि जपानच्या क्योटो शहरातल्या गिऑन मात्सुरी या सणाची मोठी मिरवणूकही 17 जुलैलाच. हे मला तिकिटं काढून झाल्यावर कळलं, ते पण सासूबाईंनी कालनिर्णय उघडून दाखवल्यावर. पहिला धडा तिथेच मिळाला, सणासाठी परदेशी जायचं तर आधी दोन्हीकडची कॅलेंडरं समोर ठेवायची आणि मगच तिकीट बुक करायचं.

तारखांचं प्रत्येक देशात वेगळं असतं. गिऑनची तारीख पक्की, 17 आणि 24 जुलै, वार कोणताही असो. थायलंडचं सोंगक्रान (तिथलं नववर्ष) पण पक्कं, 13 ते 15 एप्रिल. पण तिथलंच लॉय क्राथोंग (पाण्यात दिवे सोडायचा सण) पौर्णिमेवर चालतं आणि साधारण आपल्या त्रिपुरीच्या आसपास येतं, म्हणजे आपल्याला हिशोब सोपा. रिओचा कार्निव्हल ईस्टरच्या हिशोबाने सरकतो, त्यामुळे कधी फेब्रुवारी तर कधी मार्च. नेपाळचं दशैं आपल्या नवरात्रातच येतं, तिथे मुख्य दिवसांत माणसं आपापल्या गावी जातात आणि काठमांडूत दुकानं बंद, त्यामुळे शहर बघायला म्हणून तेव्हा जाऊ नका. नुसती तारीख बघून भागत नाही, सणात गाव रस्त्यावर येतं की घरात जातं ते पण बघायला लागतं.

आता क्योटो. हा सण अख्खा जुलैभर चालतो. सन 869 मध्ये रोगराई पसरली म्हणून देवाला साकडं घातलं, तिथून सुरुवात, म्हणजे साडेअकराशे वर्षं. मुख्य आकर्षण म्हणजे होको, लाकडी चाकांचे प्रचंड रथ, मोठे असतील तर 25 मीटर उंच आणि 12 टनांच्या घरात. एक खिळा मारत नाहीत, सगळं सुंभासारख्या दोरांनी बांधून काढतात. 17 ला 23 रथ निघतात आणि 24 ला 11.

बहुतेक लोक 16 ला येतात, 17 ची मिरवणूक बघतात आणि जातात. मी, नवरा आणि सासूबाई 11 लाच पोचलो (बँकॉकमार्गे कानसाई विमानतळ, तिथून ट्रेनने सव्वा तास) आणि माझ्या मते तेच सगळ्यात शहाणपणाचं झालं. कारण 10 पासून रस्त्यात रथ बांधायला घेतात आणि ते बघायला तिकीट नाही, गर्दी नाही, दोन फुटांवर उभं राहून बघा. एक म्हातारे कारागीर दोर गुंडाळत होते, एक वेढा दिला की लाकडी हातोडीने ठोकून शेजारच्या वेढ्याला चिकटवायचा, परत वेढा, परत ठोका, शेवटी ते बांधकाम चटई विणल्यासारखं दिसायला लागलं. सासूबाई अर्धा तास हलल्या नाहीत.

आणि 12 तारखेच्या दुपारी हिकिझोमे असतं, म्हणजे रथ ओढून बघायची चाचणी. यात कोणीही दोर धरू शकतं, बाया, पोरं, परदेशी सगळे. आम्ही तिघांनी धरला. हातात आला तेव्हा कळलं केवढा जाड आहे तो, आणि वर बासरी-झांजांचं कोन-चिकि-चिन सुरू झालं की चाक असलं करकरतं की पोटात गोळा येतो. सासूबाईंनी आधी दोराला हात लावून नमस्कार केला, शेजारच्या जपानी आजींनी ते बघून त्यांना वाकून नमस्कार केला, मग सासूबाईंनी परत. ते बराच वेळ चाललं.

14 ते 16 च्या संध्याकाळी योइयामा, म्हणजे मिरवणुकीच्या आधीच्या संध्याकाळचा सोहळा. रथांवर कंदील लागतात, 15 आणि 16 ला शिजो आणि कारासुमा हे मोठे रस्ते संध्याकाळी सहानंतर गाड्यांना बंद होतात. आमच्या वेळी 15 ला सोमवारची सुट्टी आली (जुलैचा तिसरा सोमवार तिथे सुट्टीचा) आणि गर्दी म्हणजे विसर्जनाच्या रात्रीचा लक्ष्मी रोड, फक्त शिस्तीत. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांनी 14 ला जा, कंदील तेच. 16 ला परतताना शिजो स्टेशनवर आम्हाला आत सोडेनात, आत मुंगी शिरायला जागा नव्हती, तर गोजोपर्यंत चालत गेलो आणि तिथे निवांत ट्रेन मिळाली. फक्त एक स्टेशन, नक्की चाला.

चिमाकीचा किस्सा सांगायलाच हवा. प्रत्येक रथापाशी पानात गुंडाळलेलं काहीतरी विकतात, साधारण हजार येनच्या आसपास. सासूबाईंना वाटलं हळदीच्या पानातली पातोळी. रूमवर येऊन सोडायला घेतली तर आत काहीच नाही, नुसतं गवत! ते खायचं नसतं, वर्षभर दारावर टांगायचं असतं, रोगराई घरात येऊ नये म्हणून. काही रथांपाशी चिमाकी वगैरे घेतली की वर चढू देतात आणि वरून आतले गालिचे जवळून दिसतात. कुठे सोळाव्या शतकातले बेल्जियमचे पडदे, कुठे इराणी, कुठे आपल्याकडचे गालिचे, जपानी रथावर! पण सगळ्यात पुढे चालणाऱ्या नागिनाता-होकोवर बायकांना चढू देत नाहीत. आम्हाला अर्थातच राग आला. सासूबाई म्हणाल्या, असू दे, दोर तर आपणच ओढला.

17 ला सकाळी नऊला मिरवणूक शिजो-कारासुमावरून निघते. ओइके रस्त्यावर पैसे भरून खुर्च्या मिळतात, पण खरी मजा त्सुजिमावाशीची, म्हणजे कोपऱ्यावर रथ वळवायची. ह्या चाकांना वळायची सोयच नाही. मग चाकाखाली चिरलेले ओले बांबू पसरतात, त्यावर पाणी ओततात आणि आडवं ओढून थोडं थोडं सरकवतात. पहिली ओढ बसली की अख्खा मनोरा डुलतो आणि बघणारे एका आवाजात "ओऽऽ" करतात. शिजो-कावारामाचीच्या कोपऱ्यावर हे बघायला नवरा सातला जाऊन उभा राहिला आणि त्याला डोकीच जास्त दिसली.

मी आणि सासूबाई आरामात उठून अकराच्या सुमाराला शिनमाची गल्लीत गेलो. मिरवणूक परतताना ह्या अरुंद गल्लीतून जाते. तिथे रथ घरांच्या वळचणीला घासेल इतका जवळून जातो, छपरावर बसलेली माणसं पायाने विजेचे खांब चुकवत असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी डोळे झाकून हीच जागा धरावी.

राहायचं क्योटोतच असा हट्ट नको. त्या आठवड्यात भाव बघून डोळे फिरतात. आम्ही शेजारच्या ओत्सु शहरात राहिलो, जेआरच्या ट्रेनने दहा मिनिटं. ओसाका पण चालेल, अर्धा तास, तेव्हा 580 येन तिकीट होतं. एवढ्यासाठी महागडा रेल्वे पास अजिबात घेऊ नका. आमचं एक बुकिंग दीड महिना आधी अचानक रद्द झालं होतं, तेव्हा दुसरं शोधताना घाम फुटला, म्हणून एक बॅकअप ठेवा.

उकाडा मात्र मुंबईच्या मे महिन्याला लाजवेल असा. टोपी, टॉवेल, पाणी आणि दुकानात मिळणाऱ्या मिठाच्या गोळ्या. गर्दीत छत्री उघडली तर मागच्यांना काही दिसत नाही, रेनकोट न्या. पाऊस आला तरी मिरवणूक निघते, 2015 ला तर वादळात पण निघाली होती. कचऱ्याचे डबे फारसे दिसत नाहीत, पिशवी जवळ ठेवा.

शाकाहारी लोकांनी उदोन नूडल्सच्या साध्या दिसणाऱ्या रस्स्यावर पण विश्वास ठेवू नये, त्यात बहुतेक वेळा माशाचं पाणी असतं. एकादशीचा प्रश्न सुपरमार्केटने सोडवला, तिथे गरम भाजलेलं रताळं मिळतं! रताळं, केळी आणि घरून नेलेले राजगिऱ्याचे लाडू, सासूबाईंचा उपास इथल्यापेक्षा झकास झाला.

दुपारी परत शिजोला आलो तर सकाळचे रथ सोडायला घेतले पण होते. शहरभर फिरून रोगराई गोळा केलेली असते, ती परत पसरू नये म्हणून लगेच मोडतात असं म्हणतात. सुट्टी असेल तर 24 पर्यंत थांबा, त्या मिरवणुकीला गर्दी कमी असते. आम्हाला रजा नव्हती.

चिमाकी आता ठाण्याच्या दारावर तोरणाशेजारी आहे. ती वर्षाने परत नेऊन द्यायची असते, आमची मुदत केव्हाच संपलीय, तर जुलैत कोणी जाणार असेल तर सांगा, तेवढी घेऊन जा.