कायोटी दिसला तर पळू नका, ओरडा

शिकागोच्या सबर्बमधल्या आपल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर थंडीत तेच सुरू होतं, कोणाच्या तरी डोअरबेल कॅमेऱ्यात कायोटी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या जातीतला इथला जंगली प्राणी, येतो, मग सगळे घाबरतात आणि कोणीतरी हमखास म्हणतं की पकडून लांब जंगलात सोडून या ना. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडी जमवायचा काळ, त्यामुळे तेव्हा जास्त दिसतात एवढंच.

पकडून नेल्याने काही साधत नाही. एक जोडी गेली की मोकळ्या जागेत दुसरी येते. कुक काउंटीत, म्हणजे शिकागो ज्या काउंटीत येतं तिथे, वन्यजीव संशोधक स्टॅन गेहर्ट आणि त्यांची टीम 2000 पासून कायोटींना रेडिओ कॉलर लावून त्यांच्या मागावर आहे, त्यातून कळलं की ते अगदी डाउनटाउनमध्येसुद्धा राहतात, रात्री फिरतात, उंदीर, ससे, हरणांची पिल्लं, कॅनडा गूजची अंडी खातात आणि बहुतेक जण माणसाला टाळूनच असतात. मरतात ते जास्त करून गाडीखाली. पण माणसाला चावल्याच्या घटना आहेत, 2020 च्या जानेवारीत शिकागोतल्या लिंकन पार्कजवळ 6 वर्षांच्या मुलाला चावला होता, म्हणून "काही करत नाही तो" असंही कोणी म्हणू नये.

माझं म्हणणं एकच आहे, बाहेर खाणं ठेवणं बंद करा. आमच्या गल्लीत एक काकू इंडियाहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, रोज सकाळी डेकवर उरलेला भात आणि पोळीचे तुकडे ठेवायच्या, पक्ष्यांच्या मुखी लागू दे म्हणून, भावना किती चांगली! पण त्या भातावर आधी खारी आल्या, मग उंदीर आणि मग एका संध्याकाळी डेकच्या पायरीशी कायोटी येऊन बसला, काचेतून आत बघत होता आणि हलायला तयार नव्हता. इथे खायला मिळतं आणि माणूस काही करत नाही हे एकदा त्याला कळलं की तो धीट होतो, आणि धीट झालेल्या कायोटीला शेवटी मारूनच टाकतात. त्याचाही जीव जातो हो यात. बर्ड फीडरखाली सांडलेले दाणे, कुत्र्याचं डॉग फूड, झाडाखाली पडलेली सफरचंदं, सगळं उचला.

समोर आलाच तर पळायचं नाही आणि पाठ फिरवायची नाही. छोटा कुत्रा असेल तर कडेवर घ्या, लहान मुलाला उचला, हात वर करून जोरात ओरडा, घरात असाल तर स्टीलचं ताट आणि उलथणं घेऊन दारात वाजवा. तो दहा पावलं जाऊन थांबतो आणि वळून बघतो, तिथेच बहुतेक लोक सोडून देतात, तसं करू नका, पूर्ण दिसेनासा होईपर्यंत वाजवत राहा. फक्त एप्रिल-मेमध्ये पिल्लं असतात, तेव्हा ट्रेलवर तो अंतर ठेवून मागे मागे येत असेल तर बिळापासून तुम्हाला लांब घालवतोय असं समजा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून शांतपणे मागे सरका.

मांजर घरातच ठेवा. कुत्र्याला रात्री यार्डात एकटं सोडू नका, कुंपण असलं तरी, कारण साधं कुंपण कायोटी चढून जातो. फिरवताना लांबत जाणारा पट्टा नको, साधा 6 फुटी घ्या. आणि कायोटी चावलाच तर जखम साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीजचं इंजेक्शन लागेल का ते विचारा आणि अ‍ॅनिमल कंट्रोलला कळवा.