विमानदुरुस्तीचे आदेश आणि न काढलेल्या आदेशांची कारणे

अहमदाबादच्या विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला आणि आमच्या वडोदऱ्यात, विशेषतः दांडिया बाजार भागातल्या मराठी मंडळींत, एकच प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला. इंजिनाचे इंधन चालू-बंद करणाऱ्या स्विचला, तो चुकून सरकू नये म्हणून जी अडसर लावलेली असते, ती काही विमानांत निकामी आढळल्याचे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१८ मध्येच कळवले होते, तर मग तपासणी का झाली नाही? इथल्या किती तरी कुटुंबांतील माणसे परदेशी जाताना अहमदाबादहूनच निघतात, त्यामुळे या प्रश्नामागचा संताप मला परका नाही. उत्तर मात्र त्या कागदाच्या स्वरूपात आहे : तो सल्ला होता, आदेश नव्हता.

एखादा दोष त्याच बनावटीच्या इतर विमानांतही असू शकतो आणि तो धोकादायक आहे, असे ठरले की ज्या देशात त्या विमानाच्या आराखड्याला मान्यता मिळाली, तेथील नियामक उड्डाणयोग्यतेचा सक्तीचा आदेश काढतो. या क्षेत्रातले लोक त्याला ‘एडी’ म्हणतात. कोणता भाग, कोणत्या विमानांत, किती फेऱ्यांच्या किंवा दिवसांच्या आत तपासायचा अथवा बदलायचा, हे त्यात लिहिलेले असते आणि ते पाळल्याशिवाय विमान उडवता येत नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय असे आदेश येथील विमान कंपन्यांना बंधनकारक करते. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबस ए-३२० जातीच्या विमानांतील नियंत्रण संगणकाबाबत युरोपचा तातडीचा आदेश निघाला, तेव्हा भारतातही शेकडो विमानांची दुरुस्ती एक-दोन दिवसांत उरकण्यात आली.

तथापि, आदेश निघाला म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणेही धोक्याचे आहे, कारण त्याची व्याप्ती कोठे थांबते यावर पुष्कळ अवलंबून असते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा सुमारे १८ फूट लांबीचा भाग २४ हजार फुटांवर उडून गेला आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. त्या विमानाच्या ८९,६८० फेऱ्या झाल्या होत्या. प्रत्येक फेरीत केबिनमधील हवेचा दाब वाढतो आणि उतरतो, आणि तेवढ्या वेळा पत्र्यांच्या जोडांवरील रिव्हेटभोवती ताण पडतो. पत्रे एकमेकांवर येतात ते सगळेच लांब जोड तपासावेत, असे बोइंगने सुचवले होते, पण १९८७ च्या सरकारी आदेशाने सक्ती केली ती त्यांतील मोजक्याच जोडांपुरती. फाटण्याची सुरुवात सक्तीबाहेर राहिलेल्या जोडापासून झाली. तपास मंडळाने मुख्य ठपका विमान कंपनीच्या देखभालीवर ठेवला, परंतु आदेशाची ही अपुरी व्याप्तीही कारणांत नोंदवली.

यावर कोणी म्हणेल की मग प्रत्येक सल्ल्याचाच आदेश करून टाकावा. ते मला पटत नाही. सुस्थितीतला भाग उगाच उघडला की जोडताना नवी चूक होण्याची शक्यता असते, शिवाय कुशल तंत्रज्ञांचे तास मर्यादित असतात.

माझा आक्षेप कारणे न देण्याला आहे. अमेरिकेत नेहमीचा आदेश काढण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध होतो, विमान कंपन्यांच्या आणि वैमानिक संघटनांच्या हरकतींना लेखी उत्तरे दिली जातात आणि मजुरी तासाला अमुक डॉलर, एकूण खर्च तमुक, इथपर्यंत हिशेब मांडला जातो. उलट २०१८ च्या त्या सल्ल्यात, ही बाब सक्तीच्या आदेशाइतकी असुरक्षित समजली जात नाही, एवढाच निष्कर्ष होता. तो कशाच्या आधारे काढला याची तशी मांडणी नव्हती. प्राथमिक अहवालाने स्विचच्या अडसरीला अपघाताचे कारण ठरवलेले नाही, आणि त्यानंतर महासंचालनालयाने २१ जुलैची मुदत देऊन करायला लावलेल्या तपासणीत एअर इंडियाला दोष आढळला नाही, असे कंपनीने जाहीर केले. म्हणजे २०१८ चा निर्णय चुकीचा होता, असे आज म्हणता येत नाही. पण आदेश न काढण्याच्या निर्णयाचीही कारणे तितक्याच तपशिलाने छापली असती, तर दांडिया बाजारातल्या त्या प्रश्नाला सरकारी कागदातूनच उत्तर देता आले असते. आपल्या महासंचालनालयाने परदेशी सल्ले स्वीकारताना वा बाजूला ठेवताना निदान एवढे तरी करावे.