डब्ल्यू १२४ चं इंटीरियर: आधी पाणी, मग सोल्यूशन, पॉलिश सगळ्यात शेवटी

जुनी मर्सिडीज बघायला गेलेला माणूस आधी लाकडावरून हात फिरवतो, मग सीट दाबून बघतो. मी दार उघडून पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबतो. आतला बोर्ड टणक लागला तर बाकीचं सगळं होण्यासारखं असतं. अंगठा आत गेला, तर त्या गाडीत कित्येक पावसाळे पाणी मुरलेलं आहे, आणि लाकूड, कापड, गालिचा कशावरही खर्च करण्याआधी ते पाणी कुठून येतं हे शोधायला हवं.

हे सगळं डब्ल्यू १२४ या मर्सिडीजच्या मालिकेबद्दल आहे. जर्मनीत ती १९८४ च्या अखेरीस आली. आपल्याकडे १९९५ पासून पुण्यात, टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात तिची जुळणी सुरू झाली, म्हणून महाराष्ट्रात ई २२० आणि २५० डी अजूनही सापडतात. मी काम केलं ती १९९६ ची ई २२०. इंजिन-गिअरबॉक्स दणकट असतात, पत्राही निगा राखली तर टिकतो; पण आतले फोम, बोर्ड आणि ते जागेवर धरणारी सोल्यूशनं, म्हणजे गोंद, आपल्या हवेत पार थकलेली असतात. इंटीरियरचं निम्मं काम म्हणजे खरं तर कुठे काय चिकटवायचं याचाच विचार.

सुरुवातीला दोन गोष्टी. बॅटरी काढण्याआधी रेडिओचा कोड हातात आहे का बघा; मूळ बेकर रेडिओ वीज तुटली की कोड मागतो. आणि डेटा प्लेटवरचा (गाडीच्या माहितीच्या पट्टीवरचा) ट्रिम कोड, म्हणजे आतल्या सजावटीचा कोड, लिहून घ्या. तीन आकडी कोडमधला पहिला आकडा मटेरियल सांगतो: ० म्हणजे कापड, १ म्हणजे एमबी-टेक्स (मर्सिडीजचं विनाइल), २ म्हणजे लेदर, ९ म्हणजे वेलूर (मखमलीसारखं कापड). मागच्या मालकाने ‘लेदर आहे’ म्हणून विकलेल्या बऱ्याच गाड्यांत एमबी-टेक्स निघतं. त्यात वाईट काही नाही, उलट ते लेदरपेक्षा चिवट आहे. पण लेदरचं क्रीम त्यावर चोळून उपयोग शून्य.

पाणी शोधायला पुढचे-मागचे गालिचे उचलायचे. वरून कोरडे लागले तरी खालचा जाड फोम पाणी धरून बसतो. तो पिळूनच बघावा लागतो. पुढे पायाशी ओल असेल तर वायपरखालच्या पन्हाळीचे निचरे पानांनी तुंबलेले असतात, नाहीतर काचेचं रबर गेलेलं असतं. डिकीत पाणी असेल तर आधी मागच्या दिव्यांची गास्केटं. सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्यांत थोडं थोडं पाणी ओतून ते खाली बाहेर पडतंय ना, याची खात्री करायची. त्या नळ्यांत कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, जुन्या नळ्या जोडातून निसटतात आणि मग पाणी थेट छत धरणाऱ्या खांबाच्या आत.

आता दारं. पॅड काढताना घाई केली की बोर्ड फाटतो. आरशामागचं तिकोनी झाकण, आतल्या हँडलभोवतीची चौकट, ओढायच्या मुठीचं झाकण आणि त्याखालचे स्क्रू, लॉकची खुंटी हे सगळं आधी मोकळं करायचं. मग प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने कडेच्या क्लिपा एकेक सोडवायच्या, पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ घालून. शेवटी पॅड वर उचलायचा. वरची कड काचेच्या फटीशी अडकून लटकलेली असते, सरळ बाहेर ओढलं की तीच आधी तुटते.

पॅडमागे प्लास्टिकचा पडदा असायला हवा. बहुतेक गाड्यांत तो नसतो, किंवा कोणत्या तरी गॅरेजने काच दुरुस्त करताना फाडून पॅकिंग टेपने डकवलेला असतो. दाराचं पॅड कुजण्याचं मूळ कारण हेच. काचेच्या बाहेरचं रबर सगळं पाणी कधीच अडवत नाही. पावसाचं पाणी दाराच्या आत उतरणार आणि खालच्या भोकांतून जाणार, अशीच दाराची रचना आहे. ते पाणी आणि दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड यांच्यामध्ये हा पडदा एवढंच संरक्षण. नवीन पडदा १५० ते २०० मायक्रॉनच्या पॉलिथिनचा कापायचा, जुना मिळाला तर तोच नमुना. चिकटवायला ब्युटाइल टेप, जी सुकत नाही आणि पुढच्या वेळी सोलून परत लावता येते. सिलिकॉन सीलंट लावलं तर पुढचा मेकॅनिक पडदा पुन्हा फाडणार हे नक्की. पडद्याची खालची कड दाराच्या पत्र्यातल्या फटीतून आत वळवायची, म्हणजे त्यावरून ओघळलेलं पाणी परत दारातच पडतं. कड बाहेर राहिली तर पडदा पाणी गोळा करून बोर्डवर सोडतो. दाराच्या तळातली भोकं तारेने साफ करा, मग काचेच्या फटीत अर्धा लिटर पाणी ओता. सगळं पाणी खालून बाहेर आलं पाहिजे आणि पडद्याची आतली बाजू कोरडी राहिली पाहिजे. ही चाचणी झाल्याशिवाय पॅड बसवत नाही.

फुगलेला बोर्ड सावलीत, सपाट जागी, वर वजन ठेवून वाळवायचा. उन्हात वाळवला की वाकतो. पूर्ण वाळल्यावर मऊ भागात पातळ इपॉक्सी ब्रशने मुरवायचं. अ‍ॅराल्डाइटची दोन ट्यूबवाली, सावकाश घट्ट होणारी जात घ्या, थोडी कोमट केली की पातळ होऊन आत शिरते. पाच मिनिटांत घट्ट होणारी जात वरच राहते. क्लिपेची जागा तुटली असेल तिथे मागून साधारण ४० बाय ६० मिलिमीटरचा, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा एबीएस (टणक प्लास्टिक) किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा इपॉक्सीने बसवून भोक पुन्हा पाडायचं. जाडी वाढली की क्लिप पूर्ण आत जात नाही आणि पॅड दाराला टेकत नाही, म्हणून तुकडा जाड घेण्याचा मोह नको. क्लिपा सगळ्याच बदला. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला ‘मर्सिडीजची क्लिप द्या’ म्हटलं तर हात हलवतात. व्हर्नियर कॅलिपरने भोकाचा व्यास, डोक्याचा व्यास आणि दांडीची लांबी मोजून जुनी क्लिप पुढे ठेवली की त्याच मापाची निघते.

मग विनाइल. काचेजवळची वरची कड उन्हाने आक्रसून सुटलेली असते. इथे बहुतेक सीटवाले फर्निचरला लागतं ते रबर सोल्यूशन लावतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात कड परत उचकटते. दोष कारागिराच्या हाताचा नसतो. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लॅस्टिसायझर असतो. उष्णतेने तो हळूहळू बाहेर पडतो आणि त्या रबर सोल्यूशनला चिकट लापशी करून टाकतो. यावर उपाय चपलांच्या धंद्यात आधीच सापडलेला आहे. पीव्हीसीचे सोल ज्याने चिकटवतात ते पीयू (पॉलियुरेथेन) सोल्यूशन प्लॅस्टिसायझरला दाद देत नाही. फुटवेअरचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात मिळतं, सोबतचा हार्डनर घातला की उष्णताही जास्त सोसतं. विनाइलची मागची बाजू आणि बोर्ड दोन्ही खरवडून, पुसून, दोन्हींवर पातळ हात द्यायचा. बोटाला लागेनासं झालं की हीट गनने विनाइल नुसतं कोमट करून ओढत दाबत न्यायचं. जास्त तापवलं तर त्यावरची बारीक सुरकुतीची नक्षी सपाट होऊन चकाकते, आणि ती परत येत नाही.

कोणतंही नवीन सोल्यूशन वापरण्याआधी मी एक चाचणी घेतो: बोर्डच्या तुकड्यावर विनाइलची पट्टी चिकटवायची, सुट्या टोकाला १०० ग्रॅम वजन बांधायचं आणि बंद गाडीत मे महिन्याच्या दुपारी लटकवून ठेवायचं. संध्याकाळपर्यंत सरकलं तर तो डबा सुताराला देऊन टाका.

छताचं कापड लोंबू लागलं की लोक टाचण्या टोचतात किंवा कापडातून स्प्रे मारतात. दोन्ही फुकट. सुटलेलं असतं ते कापड नव्हे, कापडामागचा फोम. दमट हवेत आणि उष्णतेत त्याचा पिवळट भुसा झालेला असतो, आणि भुशाला काहीही चिकटत नाही. सन व्हायझर, पकडायच्या मुठी, दिवा, खांबांची आवरणं काढून बोर्ड दोघांनी मिळून बाहेर काढायचा, कुठेही मोडू द्यायचा नाही. एकदा पडलेली घडी नव्या कापडातून दिसते. भुसा नायलॉनच्या ब्रशने कणाकणाने साफ करायचा, मास्क लावून. नवीन कापड ३ मिलिमीटर फोम लावलेलंच घ्या, हेडलायनरसाठीचं (छताच्या कापडासाठीचं) खास उष्णतारोधक स्प्रे सोल्यूशन वापरा आणि अर्धं छत एका वेळी करा: मधून सुरू करून बाहेर, तळव्याने, खळग्यांत कापड न ताणता. ताणून बसवलेलं कापड खळग्यात आधी सुटतं.

सीटच्या बाबतीत एकच हट्ट धरा. या गाडीच्या सीटमध्ये स्प्रिंगवर रबर लावलेल्या काथ्याची गादी असते. कुशनवाला ती बघून म्हणणारच, “साहेब, हा भुसा काढून टाकू, मऊ फोम घालू.” नाही म्हणायचं. काथ्यातून हवा खेळते, घाम मुरत नाही, आणि स्प्रिंगचा भार सगळीकडे सारखा वाटला जातो. नुसता फोम स्प्रिंगवर ठेवला की स्प्रिंगच्या तारा त्याला कापत जातात आणि बसणारा खाली जातो. काथ्या खचला असेल तर गाद्यांसाठी मिळणारी रबराइज्ड कॉयरची शीट हव्या त्या जाडीची कापून घालता येते. ड्रायव्हरच्या बाजूच्या कडेची स्प्रिंग बहुधा तुटलेली असते, ती आधी बघा. शिवण उसवलेली असेल तर पॉलिएस्टर दोरा, टाका ४ ते ५ मिलिमीटरचा आणि जुन्याच भोकांतून. नवीन भोकं जवळजवळ पाडली की विनाइल तिथूनच फाटतं.

लाकूड शेवटी, आणि पावसाळा संपल्यावर. अ‍ॅशट्रेचं झाकण आणि गिअरभोवतीची पट्टी यांच्यावरचं जाड लॅकर उन्हाने तडकतं; खालचं अक्रोडाच्या गाठीचं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) मात्र बहुतेक वेळा धड असतं. ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, त्यामुळे जुनं लॅकर पॉलिश पेपरने घासून काढायच्या भानगडीत पडू नका. हीट गन सतत फिरती ठेवून लॅकर मऊ करायचं आणि बोथट पात्याने चकत्या उचलायच्या. हात एका जागी थांबला की व्हिनियरखालचा गोंद सुटतो. उरलेलं २४० आणि ३२० च्या पेपरने, ठोकळ्यावर लावून. सुटलेल्या कडांत सुईने इपॉक्सी सोडून वर पॉलिथिन ठेवून क्लॅम्प लावायचा. पांढरं फेव्हिकॉल घरातल्या कपाटाला उत्तम, बंद गाडीच्या उन्हात मऊ पडतं. तुकडा गेला असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवर लावलेलं नव्हे, सुटं पानासारखं व्हिनियर मागायचं.

रंगाची एक गोम आहे. उघड्यावरचं व्हिनियर उन्हाने फिकं पडलेलं असतं, झाकणाखालचं गडद राहिलेलं असतं. लॅकरखाली दोन्ही कसे दिसतील ते बघायला स्पिरिटचा बोळा फिरवायचा. ओलं असताना जो रंग दिसतो तोच शेवटचा. फरक असेल तर डाय (लाकडाचा रंग) आत्ताच, लॅकरनंतर काही करता येत नाही.

लॅकर दोन घटकांचं पीयू. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर स्वस्त आणि सोपं, पण ते बसत जातं आणि महिन्याभरात व्हिनियरची छिद्रं वर उमटतात. पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी प्रक्रिया करून बुडबुडे धरतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ते मारूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहेत, रुमाल बांधून चालत नाही, कार्ट्रिजवाला मास्क हवा. तीन हात, दोन-तीन दिवस विश्रांती, ४०० ने सपाट, पुन्हा तीन हात, असं आरसा होईपर्यंत. मग किमान दोन आठवडे हात लावायचा नाही. त्यानंतर पाण्याने ८००, १२००, १५००, २००० आणि शेवटी चकाकीसाठी रबिंग कंपाउंड.

बसवताना स्विचची भोकं तपासा. कडांवर चढलेल्या लॅकरने ती अरुंद होतात, आणि स्विच दाबून बसवला की कोपऱ्यातून नवीन तडा जातो. बारीक कानसने प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवून, कानस लॅकरवरून लाकडाकडे, एकाच दिशेने चालवायची. उलट ओढली की टवका उडतो. गाडी धुणाऱ्याला डॅशबोर्डची सिलिकॉनवाली चकाकी मारू देऊ नका. ती दारांच्या पॅडवर आणि लाकडावर उडते आणि पुढे कधी कड चिकटवायची किंवा लॅकरला हात द्यायचा झाला तर काहीही धरत नाही. ओलं फडकं आणि कपड्याचा सौम्य साबण पुरतो. पहिल्या जोरदार पावसानंतर गालिच्याचे चारही कोपरे उचलून खालचा फोम दाबून बघा, आणि ओल लागली तर पॅड लगेच खाली उतरवा.