सेमिनार संपता संपता आलेला प्रश्न

आमच्या मेडिकल कॉलेजात रिसर्च सेमिनार लावायचं काम माझ्या गळ्यात आहे, म्हणजे स्पीकरला मेल करायची, प्रोजेक्टर चालतोय ना बघायचं आणि वेळ संपली की उभं राहून घसा खाकरायचा. प्रश्नोत्तरं बहुतेक वेळा नावापुरतीच, एखादे सर 'खूप छान टॉक' म्हणून सुरू करतात आणि मग स्वतःचंच काम सांगत बसतात.

त्या दिवशी बाहेरून एक तरुण पीआय, म्हणजे स्वतःची लॅब चालवणारे संशोधक, आले होते, विषय अँजिओजेनेसिस, ट्यूमर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या कशा बनवून घेतो आणि एक प्रोटीन अडवलं की ते कसं मंदावतं. टॉक भारीच होता, मॅट्रिजेल नावाच्या जेलवर पेशी जाळं विणतानाचे व्हिडिओ लोक मोबाइल खाली ठेवून बघत होते. जवळपास सगळा डेटा ईसीव्ही३०४ या सेल लाइनवरचा, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींवरचा, आणि त्या एंडोथेलियल, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या, असं धरलेलं.

वेळ संपत आली आणि मागून पॅथॉलॉजीच्या मॅडमनी हात वर केला. "एसटीआर प्रोफाइल केलंय का हिचं?" म्हणजे डीएनएवरून पेशींची ओळख पटवायची चाचणी. स्पीकर म्हणाले नाही, कोलॅबरेटरकडून आलीय, त्यांच्याकडे कधीपासूनची आहे. मॅडम म्हणाल्या, "ही एंडोथेलियल नाहीये हो. टी२४ आहे, मूत्राशयाच्या कॅन्सरची."

हॉल एकदम गप्प. मला हे माहीत होतं पण स्लाइडवर नाव बघून लक्षातच आलं नाही, बाकीच्यांचंही तेच झालं असणार. १९९० मध्ये ही लाइन नाळेच्या शिरेतली म्हणून जाहीर झाली होती, पुढे डीएनए फिंगरप्रिंटिंगने खरं काय ते कळलं, तरी लॅबालॅबांतून ती फिरतच राहिली. असं होतं कसं तर एकाच हूडमध्ये, म्हणजे पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटात, दोन लाइन्सचं काम, एखादा थेंब इकडचा तिकडे, आणि जी पेशी जोरात वाढते ती थोड्याच पॅसेजमध्ये (पेशी नव्या डिशमध्ये हलवायच्या फेऱ्यांत) दुसरीला हुसकावून लावते. हेला या कॅन्सरच्या जोरात वाढणाऱ्या सेल लाइनने किती लाइन्स अशा गिळल्यात ते जनुकशास्त्रज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ मध्येच सांगितलं होतं, पण ऐकतंय कोण!

एचओडी सर मला घड्याळ दाखवत होते, मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

स्पीकर चिडले नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी विचारलं, मग जाळं कसं काय बनतं? मॅडम म्हणाल्या की मॅट्रिजेलवर इतर पेशीही तसं करतात, एवढ्यावरून एंडोथेलियल म्हणता येत नाही, सीडी३१ हे एंडोथेलियल पेशींच्या ओळखीचं प्रोटीन आहे का बघा. एक पीएचडीची मुलगी म्हणाली, डेटा खोटा नाही सर, फक्त तो वेगळ्या आजाराचा आहे. मग त्यांनी स्वतःच मागे जाऊन एक स्लाइड काढली, ताज्या नाळेतून काढलेल्या पेशींवरची, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की इथे परिणाम बराच कमी दिसतोय, आता माझ्याकडे भरवशाचं एवढंच आहे.

एचओडींनी नंतर मला वेळेवरून झापलं ते झापलंच. पण आता स्पीकर्सच्या मेलमध्ये मी एक ओळ वाढवलीय, सेल लाइन कुठून आणली आणि शेवटची कधी तपासली ते सुरुवातीलाच दाखवा. एकाने लगेच उलट विचारलं, "हे कंपल्सरी आहे का?" मी हो लिहून पाठवलं, एचओडींना न विचारता.