जोडपट्टीचे दोन तुकडे

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात प्रेशर व्हेसल, म्हणजे आतून दाब सोसणाऱ्या बंद टाक्या, तयार होतात, दुरुस्तीलाही येतात. त्यांच्या टोकाला बसणाऱ्या घुमटाकार पत्र्याला आम्ही डिश एंड म्हणतो. मोठ्या प्रवासी विमानाच्या शेपटीकडे, प्रवासी कक्ष संपतो तिथे, साधारण तशाच आकाराची भिंत असते आणि आतल्या हवेचा दाब तीच अडवून धरते. म्हणूनच जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या उड्डाणाचा अपघात मला कधी परका वाटला नाही.

२ जून १९७८ रोजी त्या बोइंग ७४७ ची शेपटी ओसाकाच्या धावपट्टीवर घासली आणि या भिंतीला इजा झाली. बोइंगच्या तंत्रज्ञांनी तिचा खालचा अर्धा भाग बदलला. नवा आणि जुना भाग सांधताना एके ठिकाणी सलग जोडपट्टी घालायची होती. प्रत्यक्षात तिचे दोन तुकडे करून बसवले गेले, आणि रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे सांधणाऱ्या खिळ्यांच्या, दोन रांगांनी वाहायचा भार एकाच रांगेवर आला. बाहेरून मोजल्या तर रांगा पुऱ्या भरत होत्या.

माझे मन इथेच अडकते. हायड्रोटेस्टमध्ये आम्ही पाणी भरून दाब चढवतो, गळती पाहतो आणि दाब उतरवतो. अशा एका परीक्षेला ती दुरुस्ती सहज उतरली असती. पण विमान वर गेले की ती भिंत ताणली जाते, उतरले की सैल होते, आणि हे विमान जवळच्या पल्ल्याचे असल्याने दुरुस्तीनंतर त्याची १२ हजारांहून अधिक उड्डाणे झाली. दर उड्डाणागणिक रिव्हेटच्या भोकांपासूनचे तडे वाढत गेले.

१२ ऑगस्ट १९८५ च्या संध्याकाळी, हानेदाहून ओसाकाकडे निघाल्यावर सुमारे १२ मिनिटांनी, ती भिंत फाटली. आतली हवा शेपटीत घुसली, शेपटीचा उभा पंख बहुतांश तुटून पडला आणि विमानाचे सुकाणू हलवणाऱ्या चारही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. वैमानिकांनी इंजिनांची शक्ती कमीजास्त करत ते विमान आणखी ३२ मिनिटे हवेत धरून ठेवले. तेवढ्या वेळात काही प्रवाशांनी घरच्यांसाठी निरोपाच्या ओळी लिहिल्या. आपल्याकडे गणपतीला लोक गावी निघतात, तसे ओबोन सणासाठी निघालेले अनेक जण त्यात होते. ५२४ पैकी चौघी वाचल्या.

चायना एअरलाइन्सच्या ६११ क्रमांकाच्या उड्डाणाचीही कथा अशीच: १९८० मध्ये घासलेल्या शेपटीवर पत्रा बसवला, खालचे ओरखडे तसेच राहिले, आणि २२ वर्षांनी ते विमान हवेतच फुटून २२५ जण गेले.

उलव्यातल्या आमच्या गच्चीवरून आता नव्या विमानतळावर उतरणारी विमाने दिसतात, आणि प्रत्येक वेळी माझी नजर आधी शेपटीकडे जाते. कारखान्यात मी फिटर मंडळींना एकच विनंती करून ठेवली आहे, की दुरुस्तीचा पत्रा वरून बसवण्याआधी, खालची जागा उघडी असतानाच, मला हाक मारावी. रात्रपाळीतही ते मारतात, आणि मी जातो.