सुवार्ता, सोमवार ते शनिवार

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या तरुण संघातली एक मुलगी मला म्हणाली, ताई, पाळकसाहेब दर वेळी सांगतात सुवार्ता सांगा, येशूची चांगली बातमी रोज सांगा, पण म्हणजे नक्की काय करायचं? सकाळी अंधारात घर सोडते, रात्री जेवायच्या वेळेला परत येते, मधे ऑफिस नाहीतर ट्रेन, मग सांगू कधी आणि कुणाला? चर्चच्या गेटपाशी उभ्या उभ्या सुचलं तेवढं बोलले, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना म्हणून आज बसून नीट लिहितेय.

आधी एक गोष्ट. बायबलमधल्या मत्तयाच्या २८व्या अध्यायातली येशूची ती आज्ञा, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, ही आपण मिशनरी लोकांसाठी, पाळकांसाठी, बायबल कॉलेजला गेलेल्यांसाठी आहे असं मनातल्या मनात ठरवून टाकलेलं असतं. पण त्याच्या दोनच ओव्या वर काय लिहिलंय बघा, त्या डोंगरावर त्याचे जे अकरा शिष्य उभे होते त्यातल्या काहींना संशय वाटला. पुनरुत्थित प्रभू समोर उभा असताना संशय! आणि प्रभूने काय केलं, संशयवाल्यांना बाजूला काढून बाकीच्यांना काम दिलं असं नाही, सगळ्यांना एकच आज्ञा दिली. म्हणून "माझाच विश्वास अजून पक्का नाही, मी काय दुसऱ्याला सांगणार" हे कारण मला तरी चालत नाही. विश्वास पूर्ण पिकेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आयुष्य निघून जाईल.

दुसरं कारण जास्त गोड आहे आणि म्हणून जास्त धोक्याचं. ते म्हणजे, "आपलं जगणंच बोललं पाहिजे, तोंडाने सांगायची काय गरज." सोबत संत फ्रान्सिसच्या नावाने एक वाक्य फिरत असतं की सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा. हे वाक्य फ्रान्सिसच्या कुठल्याच लिखाणात सापडत नाही, आणि हा माणूस तर गावोगावी फिरून उपदेश करायचा! जगणं चांगलं हवं यात वादच नाही, त्याच्याशिवाय बोलणं म्हणजे नुसता आवाज. पण चांगलं वागणारी माणसं सगळ्या धर्मांत आहेत, धर्म न मानणाऱ्यांतही आहेत, आमच्या लोकलच्या डब्यातल्या किती जणी माझ्यापेक्षा प्रेमळ आहेत. मी कुणाला बसायला जागा दिली तर समोरची म्हणेल बाई चांगली आहे, एवढ्याने येशू वधस्तंभावर गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला हे तिला कसं कळणार? ते कुणीतरी सांगावंच लागतं.

येशूचा शिष्य पेत्र याचं वचन मला यात सगळ्यात जवळचं वाटतं, पहिलं पत्र, तिसरा अध्याय, पंधरावी ओवी. तुमच्या आशेविषयी जो कोणी विचारपूस करेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. म्हणजे कुणीतरी विचारणार हे पेत्राने गृहीतच धरलंय. आणि विचारणार कधी? आपली ओळख असेल, आपण कोण आहोत हे माहीत असेल आणि आपण लगेच पळून जाणार नाही याची खात्री असेल तेव्हाच. मुंबईत ही ओळख व्हायची जागा म्हणजे लोकल. घरच्यांशी होत नाही तेवढं बोलणं रोजच्या ग्रुपशी होतं. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा नवरा नोकरी सुटून घरी बसलाय, सगळं सगळ्यांना माहीत.

आमच्या लेडीज डब्यात मी ख्रिस्ती आहे हे पहिल्यापासून माहीत आहे. पहिला प्रश्न ठरलेला, "अय्या, आडनावावरून वाटत नाही हं! आणि मराठी किती छान बोलता." मग सांगावं लागतं की बाई, आमचं मूळ नगरकडचं, पणजोबांपासून घरी येशूचं नाव आणि बोली गावाकडचीच, आणि मराठी ख्रिस्ती ही काय आजची गोष्ट नाही, अमेरिकन मिशनची माणसं मुंबईत १८१३ साली उतरली आणि 'ज्ञानोदय' मासिक १८४२ पासून आहे. हे सांगताना मला कधी कंटाळा येत नाही कारण बोलणं तिथूनच सुरू होतं. दसऱ्याला डबा सजवतात तेव्हा मी झेंडूच्या माळा ओवते, हार बांधायला मदत करते, पण ओवाळत नाही, आणि का ते एकदा नीट, शांतपणे सांगितलंय. कुणाला राग आला नाही. उलट नाताळात माझ्या करंज्या आणि केक कधी येणार म्हणून डिसेंबर लागला की विचारणा सुरू होते आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं, पण नाताळ म्हणजे नक्की काय गं, सांताक्लॉजचा वाढदिवस का? आणि मग विक्रोळी ते घाटकोपर मी गव्हाणीतल्या बाळाचं सांगते.

ट्रेनवरून कवी नारायण वामन टिळक आठवतात. आपल्या मंडळ्यांमध्ये त्यांची भजनं गायली नाहीत असा रविवार क्वचितच जात असेल, पण ते प्रभूकडे कसे वळले हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला. काव्यावर, संस्कृत साहित्यावर गप्पा झाल्या आणि मग त्याने धर्माचा विषय काढला, नवा करार हातात दिला आणि वाचायचं वचन घेतलं, म्हणाला दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी शब्द पाळायचा म्हणून वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.  मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडतं सांगू? त्या सहप्रवाशाने सुरुवात कवितेपासून केली, म्हणजे समोरच्या माणसाला ज्याचं वेड आहे तिथून. आधी माणूस बघितला.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते सगळं 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांची काय अवस्था झाली, किती वर्षं ताटातूट, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला. कुणाच्या आयुष्यात येशूचं नाव घेताना आपण त्याच्या घरादाराला हात घालत असतो, ही जाणीव नसेल तर बोलूच नये असं मला वाटतं.

आणि काही ठिकाणी मी मुद्दाम विषय काढत नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी स्वतःहून कधी चर्चला या म्हणत नाही, कारण त्यांचा पगार मी देते, त्यांना नाही म्हणता येणार नाही. ऑफिसात माझ्या हाताखालच्या मुलींनाही नाही. त्या विचारतील तर मोकळेपणाने सांगेन. आजारी माणसाला प्रार्थना करू का असं आधी विचारायचं, आणि गोळ्या बंद करा असं तर चुकूनही म्हणायचं नाही. कुणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, प्रेषित पौल अथेन्समध्ये मूर्ती बघून आतून पेटला होता तरी अरीयपगात, तिथल्या सभेत, उभा राहिल्यावर त्यांच्याच वेदीपासून आणि त्यांच्याच कवीपासून बोलायला लागला. मदत आणि सुवार्ता यांची अदलाबदल तर नकोच, धान्य दिलं म्हणून रविवारी यायलाच पाहिजे हा हिशेब प्रभूचा नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत एकच आला, बाकीच्या नवांचं बरं होणं काही त्याने काढून घेतलं नाही.

हल्ली हा विषय काढला की लोक घाबरतात, कायद्याचं काय, कुणी तक्रार केली तर. संविधानाच्या कलम २५ मध्ये आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क सगळ्यांना दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. यावर कायद्याच्या लोकांचे वाद आहेत ते असू देत, पण रोजच्या जगण्यापुरतं मला यात अडचण वाटत नाही, कारण मन बदलणं हे माझं काम आहे असं शास्त्रही म्हणत नाही. पौल करिंथकरांना लिहितो ना, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढवत देव गेला. मी सांगायचं. पुढचं त्याच्याकडे.

आता त्या मुलीला गेटपाशी सांगायचं राहून गेलं ते. आमच्या डब्यातली एक मैत्रीण, कुर्ल्याला चढते, तिच्या वडिलांची परळला केमो चालू होती. सकाळी हॉस्पिटलला डबा पोचवून मग ऑफिस. एक दिवस ती चढली ती गप्पच, मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरलेला, वरून रुमालाची गाठ मारलेली, आणि ती गाठ सारखी सोडत होती, परत बांधत होती. मी काही विचारलं नाही. शीव आलं तेव्हा तीच म्हणाली, "तू सारखी प्रार्थना प्रार्थना म्हणतेस ना, तर माझ्या बाबांसाठी सांग ना तुझ्या देवाला." मी म्हटलं, आत्ता सांगू? इथेच? तिने मान हलवली. मग तिचा हात धरून हळू आवाजात म्हटलं, प्रभू येशू, हिच्या बाबांना खूप दुखतंय, त्यांच्याजवळ राहा, डॉक्टरांच्या हाताला यश दे आणि हिला आज रात्री झोप लागू दे, आमेन. माटुंगा यायच्या आत संपली. दादरला गर्दी उसळायच्या आधी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, एवढंच? मंत्र वगैरे काही नाही? मी म्हटलं नाही गं, बापाशी बोलायला मंत्र कशाला.

बाबा गेले तिचे. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत. इथे चमत्काराची साक्ष लिहिता आली असती तर मलाही आवडलं असतं पण तसं झालं नाही. मी तिच्या घरी जाऊन बसले, काही बोलले नाही, तिच्या आईला चहा करून दिला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची भांडी विसळली. तेराव्यानंतर ती परत ट्रेनला आली आणि काही दिवसांनी एकदम म्हणाली, तू एवढं सांगितलंस, मग त्याने ऐकलं का नाही? हा प्रश्न रागाने विचारला होता आणि राग बरोबर होता. मी तिला सांगितलं की बाबा का गेले याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण ज्याच्याशी मी बोलले तो कसा आहे ते मला माहीत आहे. आणि मेलेल्या लाजराचं सांगितलं, योहानाचा अकरावा अध्याय, मरीया आणि मार्था दोघी बहिणी त्याला तेच म्हणाल्या जे ती म्हणत होती, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. आणि आता थोड्या वेळात आपण याला उठवणार हे माहीत असूनही येशू तिथे उभा राहून रडला. ती माझ्याकडे बघत राहिली. देव रडला? मी म्हटलं हो, लिहिलेलं आहे, मी बनवून सांगत नाही. तर म्हणाली, दाखव कुठे लिहिलंय.

फोनमध्ये मराठी बायबल होतंच, दाखवलं. तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा आम्ही थोडं थोडं वाचतो, तिनेच म्हटलं सुरुवातीपासून काहीतरी वाचूया, म्हणून मार्काची सुवार्ता घेतली, सोळाच अध्याय आहेत आणि भरभर पुढे जाते. ती ख्रिस्ती झालेली नाही, घरी गणपती बसतो तिच्या, मोदक मला आणून देते. होईल की नाही ते मला ठाऊक नाही, मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते आणि तिला ते माहीत आहे.

सध्या पाचवा अध्याय चालू आहे, कबरींमध्ये राहणारा तो माणूस, ज्याच्यातलं भुतांचं सैन्य डुकरांत शिरलं. तो बरा झाल्यावर येशूच्या मागे मागे नावेत चढायला निघतो तर प्रभू त्याला घेत नाही, घरी पाठवतो, तुझ्या माणसांना जाऊन सांग प्रभूने तुझ्यासाठी काय केलं. मला वाटलं ती यावर काहीतरी बोलेल. तर तिचा प्रश्न वेगळाच, ती दोन हजार डुकरं बुडाली, त्यांच्या मालकाचं नुकसान कुणी भरून दिलं? एवढ्या वर्षांत संडे स्कूलमध्ये मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी पाळकसाहेबांना विचारलंय, घरातलं बायबलचं भाष्य काढून ठेवलंय, आणि तिला म्हटलंय सोमवारपर्यंत थांब, तोवर तू पण सहावा वाचून ये.